लोकवर्गणी: शाळेची मिळकत की सरकारची थकबाकी?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेले तर दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा फलक बहुधा दिसतोच. कुणी वर्गांना पंखे दिलेले असतात, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी बांधून दिलेली असते, माजी विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने टीव्ही घेतलेला असतो, पालकांनी घरटी पैसे काढून रंगकाम करून घेतलेले असते. या प्रत्येक नावामागे खरी आपुलकी असते आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही. पण या फलकाशेजारी शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची ठेवून वाचली तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. पिण्याचे शुद्ध आणि पुरेसे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, कुंपण, मैदान, ग्रंथालय, खेळाचे साहित्य हे सगळे त्या अनुसूचीत आहे. कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि आधीपासून चालू असलेल्या शाळांनी हे निकष तीन वर्षांत पूर्ण करायचे होते. म्हणजे फलकावरच्या अनेक वस्तू गावाने हौसेने दिलेल्या भेटी नसून, सरकारने देणे लागत असलेल्या आणि गावाने आपल्या खिशातून भागवलेल्या वस्तू आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की, शाळेने वर्गणी जरूर घ्यावी, पण सरकारी कर्तव्याच्या जागी खर्च झालेला प्रत्येक रुपया शाळेच्या दप्तरात सरकारकडची थकबाकी म्हणून लिहिला जावा. आज तो शाळेचे यश म्हणून लिहिला जातो, आणि त्यातच मोठे नुकसान आहे.

आधी पैसा कसा आटतो ते पाहू. आपल्याकडे शाळेचे अंदाजपत्रक कापल्याचे पत्र मुख्याध्यापकाच्या हाती सहसा पडत नाही. कपात फार शांतपणे येते. समग्र शिक्षा योजनेत शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते: ३० पर्यंत मुले असतील तर कमाल १० हजार रुपये, ३१ ते १०० मुलांना २५ हजार, त्यापुढे २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. वीजबिल, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी, झाडू, फिनेल हे सगळे यातूनच करायचे, शिवाय यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. ३० मुलांच्या शाळेला १० हजार म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. एवढ्यात वीजबिल भरावे की गळके छप्पर शाकारून घ्यावे, याचा निर्णय मुख्याध्यापकाने करायचा. आणखी एक गणित पाहा. पट ३१ वरून ३० वर आला की अनुदान २५ हजारांवरून १० हजारांवर येते. एक मूल गेले आणि पैसा ६० टक्क्यांनी घटला. त्या एका मुलामुळे विजेचा आकार कमी होत नाही, छप्पर लहान होत नाही, पाण्याची टाकी कमी वेळा धुऊन चालत नाही. राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत, म्हणजे हा काही अपवादात्मक शाळांचा प्रश्न नाही. त्यात ही रक्कम जूनमध्ये हाती येत नाही. वर्ष संपत आले की येते, आणि ती ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची घाई होते. जून ते जानेवारीचा खर्च कुणीतरी आधी भागवलेलाच असतो. तो मुख्याध्यापकाने पदरमोड करून भागवला, पालकांनी वर्गणी काढून भागवला, की भागवलाच गेला नाही, हे त्या त्या गावाच्या नशिबावर सोडलेले असते.

पैशापेक्षा मोठी कपात माणसांची असते. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवताना, पद कमी होते. पद शिल्लक राहिले तरी ते भरले जाईलच असे नाही. २०१२ पासून काही वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती आणि भरतीसाठीचे पवित्र पोर्टल आल्यावरही ती रडतखडत झाली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त असू नयेत. पण दोन शिक्षकांच्या शाळेत एक पद रिकामे असले की त्या शाळेपुरती रिक्तता ५० टक्के होते, आणि जिल्ह्याच्या सरासरीत ती कुठेच दिसत नाही. उरलेला एक शिक्षक पहिली ते चौथीचे चार वर्ग एका खोलीत घेतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि बैठकीला तालुक्याला गेला की शाळा वाऱ्यावर पडते. अशा वेळी काही गावे वर्गणी काढून गावातल्याच एखाद्या डीएड झालेल्या तरुण-तरुणीला महिन्याच्या काही हजार रुपये मानधनावर उभे करतात. ही त्या गावांची धडपड मनापासून कौतुकाची आहे. पण त्या क्षणापासून जिल्हा परिषदेच्या दृष्टीने त्या शाळेची तक्रार संपते. पालकांचे मोर्चे थांबतात, शाळेला कुलूप लावण्याची भाषा थांबते, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे येणारी निवेदने थांबतात. पद मात्र कागदावर रिकामेच राहते.

आता ही वर्गणी देतो कोण? इंग्लंड-अमेरिकेत सरकारी शाळेत मध्यमवर्गाची, अगदी श्रीमंतांचीही मुले शिकतात, त्यामुळे तिथे शाळेला देणगी देणारा पालक बऱ्याचदा खाऊनपिऊन सुखी असतो. आपल्याकडे ज्यांना फी परवडते त्यांतल्या बहुतेकांनी मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत केव्हाच हलवली आहेत. पिवळी बस गावच्या वेशीपर्यंत येते आणि त्यांना घेऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जी मुले उरली त्यांचे आईबाप बहुतांशी शेतमजूर, अल्पभूधारक, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर जाणारे. म्हणजे ज्या शाळेला वर्गणीची सर्वांत जास्त गरज, तिथल्या पालकांची ऐपत सर्वांत कमी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत हे फार तीव्रपणे दिसते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली मजूर जोडपी कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष ऐन भरात असते तेव्हा निम्मे गाव रिकामे असते. पालकसभा कुणाची घ्यायची आणि वर्गणी कुणाकडे मागायची? या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिचा पैसाही उशिरा येतो. तिकडे चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातल्या गावात ग्रामपंचायतीला कर मिळतो, कंपनीचा सामाजिक निधी मिळतो, जमिनी विकून हातात पैसा आलेली घरे असतात. कोकणातल्या गावाला मुंबईचे मंडळ असते आणि शिमग्याला किंवा गणपतीला आलेले चाकरमानी शाळेसाठी काहीतरी करून जातात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्याला किंवा मेळघाटातल्या गावाला यातले काहीच नसते. दोन्हीकडच्या शाळेवर पाटी एकच, अभ्यासक्रम एक, कायदा एक. वर्गणीवर अवलंबून राहिलो की या दोन शाळांतले अंतर वर्षागणिक वाढते, आणि ते कुणाच्या दुष्टाव्यामुळे वाढत नाही. चांगल्या माणसांच्या चांगल्या हेतूंमुळेच वाढते.

हा प्रश्न नवा आहे असे समजू नये. मुंबई इलाख्याने तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे आणि त्यातून एक उत्तरही काढले होते. १८५० च्या दशकात सरकारकडे देशी भाषांतल्या शाळांसाठी पैसा तुटपुंजा होता. तेव्हा अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत काढण्यात आली: गावाने मास्तरांच्या पगाराचा निम्मा भाग द्यावा, जागा द्यावी, साहित्य पुरवावे, मग उरलेले सरकार देईल. कागदावर ही योजना रास्त वाटते आणि आजच्या लोकसहभागाच्या परिपत्रकांशी तिचे साम्यही डोळ्यांत भरते. पण पीक बुडाले की गावाचा हिस्सा थांबे आणि शाळेचा पाया डळमळे. वर्गणी गोळा करण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांना दारोदार गळ घालावी लागे. भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८५९ मध्ये विलायतेहून पाठवलेल्या खलित्यात या पद्धतीवर स्पष्ट नापसंती नोंदवली. अधिकाऱ्यांनी लोकांकडे वर्गणी मागत फिरणे लोकांना रुचत नाही आणि सरकारलाही शोभत नाही, प्राथमिक शाळांसाठी जमिनीवर सक्तीची पट्टी बसवावी, असा त्याचा रोख होता. त्यानंतर मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर सुरू झाला आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी ठेवण्यात आला. राज्यकर्ते परके होते, त्यांना रयतेच्या शिक्षणाचा विशेष कळवळा होता असेही नाही. तरी त्यांनासुद्धा एवढे कळले की गावोगावच्या शाळा इच्छेवर सोडलेल्या पैशावर चालत नाहीत.

आणि कर बसवल्यावर वादाचे स्वरूपच बदलले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा सगळा जोर या हिशेबावर होता: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. रयत कर भरत होती म्हणूनच फुल्यांना तिच्या वतीने हिशेब मागता आला. वर्गणीचा हिशेब असा मागता येत नाही. फार तर आभार मानता येतात, किंवा आभार मानून घेता येतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यातही स्थानिक संस्थांनी शिक्षणपट्टी बसवावी आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा अशी योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. तरी पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणलेच आणि त्यासाठी संस्थानच्या तिजोरीतून पैसा वेगळा काढला. फुल्यांपासून शाहूंपर्यंतची ही सगळी वाटचाल इच्छेकडून हक्काकडे, वर्गणीकडून कराकडे अशी झालेली आहे. आज आपण कर तर भरतोच. प्राप्तिकरावर २००४ पासून शिक्षण उपकर आहे, तो आता आरोग्याच्या उपकरात मिळून ४ टक्के झाला आहे. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शहरांत मालमत्तेवर शिक्षण कर घेतला जातो. असे असताना पालकांकडून पुन्हा मास्तरांच्या मानधनाची वर्गणी घेणे म्हणजे १८५९ च्या मागे जाणे आहे.

यावर कुणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की महाराष्ट्र-गोव्यातले शिक्षण उभे राहिले ते लोकांच्या दानावरच. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये घरोघरच्या मूठभर तांदळावर सुरू झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खेड्यापाड्यांतून मिळालेल्या धान्यावर, जमिनींवर आणि श्रमावर वाढली. मग आजच्या पालकांच्या वर्गणीला नाक मुरडायचे कशाला? या आक्षेपाचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे. मुष्टिफंड निघाला तेव्हा गोव्यावर पोर्तुगीज राज्य होते आणि मराठी शिक्षणाची जबाबदारी घेणारे सरकार तिथे नव्हते. भाऊराव ज्या वस्त्यांवर पोचले तिथे कुणाचीच शाळा नव्हती. ते दान नवे दार उघडण्यासाठी होते. जिथे सरकारने दार उघडून ठेवण्याची जबाबदारी संविधानाच्या कलम २१क नुसार पत्करली आहे, तिथे बिजागरीचे तेल पालकांनी आणायचे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय रयतने ज्या ५७८ व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालवल्या, त्याही केवळ दानावर चाललेल्या नाहीत. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर अशा शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हाच त्यांचा एवढा विस्तार होऊ शकला. दानाने वाट दाखवली आणि सरकारी पैशाने ती रुळवली, असा तो क्रम होता. तो उलटा झाला तर कर्मवीरांच्या नावाचा आधार त्याला देता येणार नाही.

बाहेरच्या देशांकडेही थोडे पाहू, कारण ज्या टप्प्यावर आपण आता येत आहोत तो त्यांनी आधी पाहिला आहे. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या पीएस ४१ या सरकारी प्राथमिक शाळेत चौथीची एक शिक्षिका कमी करून वर्गातली मुले सव्वीसवरून बत्तिसाच्या आसपास नेण्याचे ठरले. पालकांनी काही दिवसांत ४६ हजार डॉलर जमवले आणि त्या शिक्षिकेचा पगार आम्ही देतो असे कळवले. शहराचे शाळाप्रमुख रूडी क्रू यांनी ते पैसे घ्यायला नकार दिला. एका शाळेच्या पालकांना शिक्षक विकत घेता आला तर ज्यांना घेता येत नाही त्यांचे काय, हा त्यामागचा विचार होता. शेवटी त्या शिक्षिकेसाठी सार्वजनिक निधीतूनच तजवीज झाली. क्रू यांचा नकार तत्त्वाने बरोबर होता, पण शेवट पाहिला तर आवाज उठवू शकणाऱ्या पालकांच्याच शाळेला सार्वजनिक पैसाही आधी मिळाला. म्हणजे नुसता नकार पुरत नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने दुसरा मार्ग काढला होता. शाळेच्या पालकनिधीने जमवलेले पहिले १० हजार डॉलर त्या शाळेकडे राहत, पुढच्या रकमेतला एक तृतीयांश हिस्सा सामाईक निधीत जाई आणि गरजू शाळांना वाटला जाई. तरीही दोन तृतीयांश रक्कम संपन्न वस्तीतच राहत असे, आणि त्यातून तिथे जादा शिक्षक नेमले जात. इंग्लंडमध्ये २००९-१० ते २०१९-२० या दशकात दर मुलामागचा शालेय खर्च महागाई वजा जाता सुमारे ९ टक्क्यांनी घटला आणि शाळांनी पालकांना दरमहा ठरावीक रक्कम देण्याची पत्रे पाठवली. तिथला १९९६ चा शिक्षण कायदा निदान एवढे बजावतो की ही वर्गणी ऐच्छिक आहे हे शाळेने स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि पालकाने पैसे दिले नाहीत म्हणून मुलाला वेगळी वागणूक देता येणार नाही.

आपल्या कायद्यात हे संरक्षण आहे का? आहे, आणि काही बाबतींत अधिक कडक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ नुसार शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येत नाही. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अधिसूचित शुल्काबाहेरची कोणतीही देणगी किंवा वर्गणी ही कायद्याच्या व्याख्येत कॅपिटेशन फीच आहे आणि तिच्यासाठी दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण प्रवेश झाल्यानंतर पालकसभेत उभ्या राहणाऱ्या वर्गणीला हे कलम नेमके लागू होत नाही. तिथे सक्ती कायद्याची नसते, चारचौघांची असते. फळ्यावर वर्गवार यादी लागते, कुणी किती दिले ते वाचून दाखवले जाते, आणि ज्याच्या नावापुढे काही नाही त्याचे मूल घरी येऊन विचारते. ज्या मजुराने दोन दिवसांची हजेरी वर्गणीत दिली त्याचा आकडा यादीत सर्वांत खाली असतो, म्हणून त्याचा शब्दही बैठकीत खाली राहतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा दिल्या, त्या ऐपतीशी संबंध न ठेवता. वर्गणीचे आकडे जाहीर झाले की हा समतोल आतून पोखरतो. म्हणून देणाऱ्यांची नावे आणि रकमा समितीच्या हिशेबापुरत्या राहाव्यात. मुलांच्या नजरेसमोर त्या येऊ नयेत, हे मला कुठल्याही नियमाइतके आवश्यक वाटते. राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या दत्तक शाळा योजनेची दिशा नेमकी उलटी आहे. मोठ्या महापालिकांच्या हद्दीतली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर २ कोटींची आणि ग्रामीण शाळेसाठी ५० लाखांची मदत वस्तुरूपाने करावी, आणि देणगीदाराला ठरावीक काळासाठी शाळेला हवे ते नाव जोडता यावे, अशी तिची रचना आहे. नाव झळकवायला देणगीदार जिथे रहदारी आहे तिथेच जाणार. पाड्यावरच्या शाळेची पाटी वाचतो कोण?

वर्गणी कशावर खर्च होते, हेही पाहायला हवे. देणाऱ्याला आपले देणे दिसायला हवे असते, आणि ते मनुष्यस्वभावाला धरून आहे. त्यामुळे वस्तू येतात, चालू खर्च येत नाही. २०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात डिजिटल शाळांची लाट आली आणि लोकसहभागातून हजारो शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. त्या शिक्षकांचा आणि गावांचा उत्साह खरा होता आणि त्यातून काही शाळांचे रूप पालटलेही. पण पुढे वीजबिल थकल्याने शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या कितीतरी जिल्ह्यांतून येत राहिल्या. टीव्ही द्यायला दाता मिळाला, दरमहा वीजबिल भरायला मिळाला नाही. शाळा चालते ती मात्र याच न दिसणाऱ्या खर्चांवर: पगार, वीज, पाणी, सफाई, दुरुस्ती. हा खर्च दरमहा न चुकता लागतो, आणि न चुकता पैसा देण्याची ताकद फक्त कराच्या तिजोरीत असते. म्हणून वर्गणीची योग्य जागा कोणती, याचे माझे उत्तर सोपे आहे: सहल, स्नेहसंमेलन, जादा पुस्तके, तबला-पेटी, गावातल्या चित्रकाराकडून रंगवून घेतलेल्या भिंती. जे नसले तरी शाळा शाळाच राहील आणि असले तर तिला रंग चढेल, ते पालकांनी आनंदाने द्यावे.

पण खरा पेच इथेच आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. पाण्याची टाकी फुटली आहे, दुसरीला शिक्षक नाही, आणि पालकांनी सरकारची वाट पाहत बसायचे का? यंदा दुसरीत असलेले मूल पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीत बसणार नाही. वाचायला शिकण्याचे वय निघून गेले की पुढची प्रत्येक इयत्ता त्याला जड जाते. या आक्षेपापुढे तात्त्विक शुद्धता टिकत नाही आणि टिकूही नये. मुलासाठी आज जे करणे शक्य आहे ते आजच केले पाहिजे. टाकी बसवा, मानधनावर शिक्षक उभा करा. मात्र त्याच बैठकीत, त्याच कार्यवृत्तात लिहा की ही जबाबदारी अमुक कलमान्वये जिल्हा परिषदेची होती, अमुक तारखेला ती मागितली होती, ती मिळाली नाही म्हणून पालकांनी एवढी रक्कम खर्च केली आणि ती येणे आहे. देणे आणि मागणे या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. मुलाच्या हिताचा युक्तिवाद देण्याला आधार देतो, गप्प राहण्याला देत नाही.

आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने व्यवस्थापन समितीला शाळेच्या कामावर देखरेख करण्याचा, आणि सरकारकडून असो की अन्य कुठून, आलेल्या पैशाचा विनियोग पाहण्याचा अधिकार दिला आहे. कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा आहे, आणि तोच आराखडा सरकारने पुढच्या योजना व अनुदाने आखण्यासाठी पायाभूत धरायचा आहे. हे वाक्य कायद्यात स्पष्ट आहे, तरी फार थोड्या समित्या त्याचा उपयोग करतात. बहुतेक ठिकाणी आराखडा म्हणजे मुख्याध्यापकाने केंद्रप्रमुखाला द्यायचा आणखी एक कागद. त्यात मागच्या वर्षीच्या वर्गणीतून भागवलेला प्रत्येक कर्तव्यखर्च येणे म्हणून मांडला, तो ग्रामसभेत वाचला आणि ग्रामसभेच्या ठरावासह पंचायत समितीकडे गेला, तर त्या कागदाला वजन येते. त्याच्या आधारे माहिती अधिकारात उत्तर मागता येते, जिल्हा परिषद सदस्याला सभेत प्रश्न विचारता येतो, वेळ पडली तर न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येतो. तोंडी तक्रारीला यातले काहीच शक्य नसते.

दोन शंका उरतात. एक, की अशी थकबाकी लिहिली म्हणून सरकार पैसे देणार आहे का? लगेच नाही. पण आजची परिस्थिती याहून वाईट आहे: वर्गणी जमवणाऱ्या शाळेचा सत्कार होतो, तिची यशोगाथा छापून येते आणि शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला बैठकीत विचारले जाते की तुमच्या गावाने काय दिले. वर्गणी जमवणे हे शिक्षकाच्या कामगिरीचे माप होऊन बसले आहे. ऊसतोडीच्या गावातल्या शिक्षकाला हे माप लावणे अन्यायाचे आहे. थकबाकीच्या नोंदी तालुकाभर एकत्र केल्या तर प्रशासनाला आणि लोकप्रतिनिधींना प्रथमच कळेल की आपल्या तरतुदीत नेमकी किती तूट आहे आणि ती कुठे भागवली जात नाही. जिथे नोंद शून्य आहे तिथे एकतर सरकारी पैसा पुरतो आहे किंवा गाव इतके गरीब आहे की काहीच देऊ शकत नाही. दोन्हींतला फरक पाहायला अधिकाऱ्याला त्या गावात जावे लागेल. दुसरी शंका अशी की पोर्टलंडसारखा वर्गणीचा काही भाग केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या, शाळांमध्ये वाटून घ्यायचे ठरले तर देणारे हात आखडतील. काही जण आखडतील, हे मान्य करायला हवे. मुलाच्या शाळेसाठी देणारा पालक शेजारच्या गावासाठी तेवढ्याच हौसेने देईल असे धरून चालणे भाबडेपणाचे होईल. म्हणून मी सक्तीच्या वाटपाचा आग्रह धरणार नाही. कंपन्यांचा सामाजिक निधी आणि दत्तक योजनेतली मदत मात्र केंद्र पातळीवरच घ्यावी आणि सर्वांत मोठ्या तुटीच्या शाळेपासून वाटावी, कारण तिथे देणाऱ्याचे मूल त्या शाळेत नसते आणि त्याची हौस एका इमारतीशी बांधलेली असण्याचे कारण नसते.

शाळा दरवर्षी यूडायस प्लस या सरकारी माहिती प्रणालीवर जी माहिती भरते, त्यात अनुदान किती मिळाले, किती खर्च झाले याचे रकाने आहेत. स्वयंसेवी संस्था आणि समाजाकडून काही मदत मिळाली का, हे विचारणारा रकानाही आहे. ती मदत कोणत्या सरकारी कर्तव्याच्या जागी वापरावी लागली, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही. तो येईपर्यंत समित्यांनी तो आपल्या कार्यवृत्ताच्या वहीत हाताने आखून घ्यावा: कामाचे नाव, कायद्यातले कलम, मागणीची तारीख, पालकांनी भरलेली रक्कम, आणि शेवटच्या ओळीत येणे बाकी.